खात नाही, लावते

अल रीम आयलंड, अबू धाबी
१६ जानेवारी २०२४

कॉन्सेप्टा सिस्टर यांना आशाचा नमस्कार.

मला ओळखलंत का? तुमच्या क्लिनिकात दर महिन्याला बीपी आणि शुगर दाखवायला येते ती गुहागरची बाई. सोबत मुलगा असतो, उंच, चष्मेवाला, सुदेश. माझ्याऐवजी तोच बोलतो. डॉक्टर अरफा इंग्रजीत विचारतात, तो इंग्रजीत सांगतो, आणि मी जत्रेत हरवलेल्या पोरासारखी एकदा डॉक्टरीणबाईंकडे, एकदा त्याच्याकडे बघत बसते. मागच्या खेपेला पट्टा गुंडाळताना तुम्ही "काकी, हात सैल सोडा" म्हणालात आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. इथे आल्यापासून घराबाहेर मराठी शब्द कानावर पडला नव्हता हो.

पत्र कशाला, फोन का नाही, असं वाटेल तुम्हाला. माझा फोन सूनबाईने, रुपालीने, घरातल्या टॅबला जोडून दिलाय. मला आलेला मेसेज टॅबवरही दिसतो आणि नात, अस्मी, तो मोठ्याने वाचून दाखवते. चांगल्या मनानेच केलंय, पण माणसाला एखादी गोष्ट गुपचूप विचारावीशी वाटते की नाही? आणि पत्राचा मला सराव आहे. आमचे हे दुबईला सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पात होते, तेव्हा गावाहून इकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती मी पत्र द्यायची. आता तुमच्या फार्मसीचा अक्रम गोळ्यांची पिशवी घरी आणून देतो, त्याच्याच हाती हे देते. पोरगा सज्जन आहे. वाचता येत नाही म्हणाला मराठी, मी म्हटलं तेच बरं.

तर विचारायचं असं. गावी माझी एक शेजारीण आहे. तिलाही बीपी, तिलाही शुगर. ती मशेरी लावते. म्हणजे तंबाखू तव्यावर काळी भाजून, कुटून, बोटाने दातांना लावायची, ती. तर मशेरीने बीपी वाढतं का? ती माझ्या मागेच लागलीय, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात जातेस तर विचार म्हणून.

सोबत तिळगूळ पाठवते. गोड बोला.

आशा


अबू धाबी
२२ जानेवारी २०२४

आशाकाकी,

तिळगूळ पोचला. तुम्हाला शुगर आणि लाडू वळताय तुम्ही, हे मी वाचलंच नाही असं धरते. औषधांच्या पिशवीतून चिठ्ठ्या धाडणं आमच्याकडे चालत नाही. कुणी पाहिलं तर मला दोन शब्द ऐकावे लागतील. पण खरं सांगू, वसईहून आईचं पत्र यायचं बंद झालं त्यानंतर हाताने लिहिलेलं मराठी मी आज वाचलं. त्यामुळे लिहिते.

तुमच्या शेजारणीला सांगा, मशेरी म्हणजे तंबाखूच. भाजली म्हणून तिची विभूती होत नाही. तंबाखू लागली की नाडी पळते, बीपी चढतं. शुगरवाल्याच्या रक्तवाहिन्या आधीच थकलेल्या, त्यात हे. शिवाय हिरड्या आणि तोंड, ते वेगळंच.

मला एवढं कळवा. ती दिवसातून किती वेळा लावते? बीपी मोजायला जाते तेव्हा लावून जाते का? आणि तिच्या डॉक्टरला हे ठाऊक आहे का? डॉक्टरला ठाऊक नसेल तर तो बिचारा आंधळ्यासारखा गोळ्या वाढवत बसेल.

तुमच्या फाइलीत मात्र मीच लिहिलंय, तंबाखू नाही. मी विचारलं होतं, खाता का, ओढता का. तुम्ही दोनदा "छे छे" म्हणालात.

पुढच्या खेपेला जरा लवकर या, पार्किंग मिळत नाही म्हणून तुमचा सुदेश घामाघूम होऊन येतो.

कॉन्सेप्टा


अल रीम आयलंड
९ फेब्रुवारी २०२४

कॉन्सेप्टाताई,

ताई म्हटलं तर चालेल ना? सिस्टर म्हणजे इंग्रजीत तेच, असं अस्मी सांगते.

काल तुम्ही रजेवर होतात. दुसरीच एक मुलगी होती, बिलकीस नावाची, तिने पट्टा बांधला. बीपी परत वर. डॉक्टर अरफांनी तिसरी गोळी चढवली. सुदेशने घरी येताना गाडीत विचारलं, "आई, तू काही टेन्शन घेतेस का?" मी म्हटलं, घेते, तू गाडी चालवतोस त्याचं.

शेजारणीचं विचारलंत. ती सकाळी उठल्या उठल्या लावते, दुपारी जेवल्यावर आणि रात्री निजताना. डॉक्टरकडे जायचं असलं की धास्तीने आणखी एकदा. तिच्या डॉक्टरला ठाऊक नाही. त्याने "तंबाखू खाता का" विचारलं, ती "नाही" म्हणाली. आणि ते काही खोटं नाही हो. तंबाखू खातात, विडी ओढतात, दारू घेतात. मशेरी लावतात. तिला कुणी "लावता का" असं विचारलंच नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं कळतं तर सोडत का नाही? कळतं पण वळत नाही, दुसरं काय. ती सांगते, नवरा परदेशी, घरात सासू-सासरे, दोन म्हशी, पोर लहान. चहा प्यायला बसली तरी सासू हाक मारायची. पण बाई मशेरी लावून पायरीवर बसली की तिला कुणी हाक मारत नाही. तोंडात मशेरी आहे, बोलता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तेवढीच बाईची सुट्टी. वाडीतल्या सगळ्या बायका तेव्हाच बसायच्या, कुणी कुणाशी न बोलता. आता पोर मोठं झालं, म्हशी गेल्या, सासूही गेली. पण सुट्टी कशी सोडायची?

इथली एक गंमत सांगते. परवा मी लाल मिरच्या भाजत होते तर छतावरचं ते यंत्र असं काही कोकलायला लागलं की सगळा मजला जिन्याने खाली. सत्ताविसावा मजला! एक गोरा माणूस टॉवेलवर उतरला. सुदेश मॅनेजरची माफी मागून थकला. मी आपली तोंड बंद करून उभी.

एक विचारू? रागावू नका. तुम्ही सगळ्यांना विचारता, हे घेता का, ते घेता का. तुम्ही स्वतः काही घेता का?

आशा


अबू धाबी
१५ फेब्रुवारी २०२४

आशाकाकी,

आज लांबलचक लिहायची ताकद नाही. सकाळपासून उभी आहे, दोघी आजारी म्हणून तिघींचं काम एकटीने ओढतेय. आणि आज एकामागून एक सगळे माझ्याशी खोटं बोलले. एकाच्या खिशातून पुडी डोकावत होती आणि तो मला सांगत होता, "सिस्टर, कसम से, कुछ नहीं." वाईट वाटतं काकी. त्यांना वाटतं मी पोलीस आहे, व्हिसा काढून घेईन. मी फक्त गोळी नीट बसावी म्हणून विचारते.

तुमच्या शेजारणीला माझा निरोप द्या. बंद. उद्यापासून नाही, आजपासून. गुहागरला समुद्र दाराशी आहे, डबी त्यात फेकून दे म्हणावं. सुट्टी हवी असेल तर हातात जपमाळ घेऊन बस, मग कोण हाक मारतंय बघू. दोन-चार दिवस डोकं चढेल, चिडचिड होईल, नंतर खलास.

मी काय घेते? काकी, विचारायचं काम माझं.

कॉन्सेप्टा


अल रीम आयलंड
४ मार्च २०२४

कॉन्सेप्टाताई,

तुम्हाला कळलंच असेल, मला तुमच्याच इमर्जन्सीत आणलं होतं. तुमची ड्यूटी नव्हती.

अस्मीची शाळेची बस टॉवरच्या खाली येते. मी तिला उतरवून घ्यायला गेले. बसमधून तिने उडी मारली, मी दप्तर घ्यायला वाकले आणि डोळ्यांपुढे काळोख. पुढचं मला अस्मीच्या तोंडून कळलं. ती सगळ्यांना सांगत सुटलीय, "आजी जस्ट फेल. लाइक अ बॅग." रस्ता हातभर लांब होता हो. पोरीचा हात माझ्या हातात असता आणि मी गाडीसमोर कोसळले असते तर? तो विचार रात्रंदिवस पाठ सोडत नाही.

बीपी अगदी तळाला गेलं होतं म्हणे. मशीनवाल्याने दोनदा मोजलं. सुदेश डॉक्टरांवर उखडला, एवढ्या गोळ्या कशाला म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, रीडिंग वर होती म्हणून. दोघंही खरंच बोलत होते. खोटी एकटी मीच, खाटेवर पडलेली.

ताई, गावी शेजारीण नाही. शेजारच्या घराला कुलूप आहे. चोराच्या मनात चांदणं, तुम्ही ओळखलं असणार असं मला वाटत होतं. तुमचं पत्र आलं, "बंद, आजपासून", तेव्हा मी डबी घेतली आणि कचऱ्याच्या नळीत सत्तावीस मजले खाली सोडून दिली. वाटलं, ताईचा निरोप आहे, ऐकायचा. मशेरी सुटली, गोळ्या मात्र तिन्हीच्या तिन्ही पोटात. आणि त्या दिवशी मिरच्या भाजत नव्हते हो मी. डबी संपत आली होती म्हणून नणंदेने मेतकुटाच्या पुडक्यात पाठवलेली पानं तव्यावर टाकली होती.

आता का लपवलं ते ऐका. आमचे हे सोनापूरला असताना तंबाखू खायचे. जबड्याला गाठ आली. कंपनीने तिकीट काढून घरी पाठवलं, मुंबईच्या डॉक्टरकडे सुदेशच सोबत जायचा, पुढच्या शिमग्याला ते नव्हते. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भाऊबंद एकेक बोलून बघत होते, पोराचं शिक्षण बघू, घराचं छप्पर करू. कावळा झाडावर ढिम्म. उन्हं डोक्यावर आली. तेव्हा सुदेश, मिसरूडही फुटलं नव्हतं, हात जोडून म्हणाला, "बाबा, आपल्या घरात यापुढे कुणी तंबाखू खाणार नाही. आई, तूही बोल." मी बोलले. "खाणार नाही." आणि कावळा शिवला.

त्या दिवशी संध्याकाळी मी मशेरी लावली, ताई. मनाला समजावलं, खाणार नाही म्हटलंय, खात कुठे आहे, लावते. तेव्हापासून तेच चाललंय. पोरगा घरात असला की न्हाणीत, पोरगा शहरात गेला की पायरीवर, आणि इथे बाथरूमचा पंखा लावून. त्याला वाटतं त्याच्या आईने मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळला.

डॉक्टरांना सांगू नका. त्यांना कळलं की त्या सुदेशला विचारणार, त्याच्याशिवाय त्यांचं-माझं बोलणं होतंच कुठे? मला गोळ्या कमी-जास्त करायला शिकवा, मी माझं बघते. पण त्याच्या नजरेतून मला उतरवू नका. पाया पडते.

आशा


अबू धाबी
६ मार्च २०२४

आशाकाकी,

तुमचं पत्र मी स्टाफरूमच्या बाथरूममध्ये वाचलं. पंखा लावून.

मला वाटलं होतं. पहिल्या पत्रातच वाटलं होतं. वसईची आहे मी, माझी आय तपकीर ओढायची आणि विचारलं की म्हणायची, सर्दी आहे. पण मी मनाशी म्हटलं, बाई शेजारणीच्या आडून बोलतेय तर बोलू दे, हळूहळू येईल बाहेर. आणि मग थकलेल्या डोक्याने त्या नसलेल्या शेजारणीला सल्ला देऊन बसले, तीन गोळ्या मात्र तुमच्या पोटात जातायत याचा विचार न करता. माणसाला विचारायचं सोडून मी मनातल्या मनात ओळखत बसले.

आता नीट ऐका आणि रागवायचं तर रागवा. मी डॉक्टर अरफांना सांगितलं आहे. सांगावंच लागलं, काकी. गोळ्यांचा हिशेब तुम्ही आणि मी पत्रातून करायचा नसतो, त्यात माणूस जातं. त्यांनी तिसरी गोळी तूर्त थांबवायला सांगितली आहे, तसा फोन सुदेशला येईल, कारण एवढंच सांगतील की बीपी उतरलं म्हणून. बाकीच्या दोन घेत राहा. उठताना आधी बसा, मग उभ्या राहा. मशेरी परत सुरू केली असेल तरी मला खरं सांगा, मी ओरडणार नाही.

सुदेशला कुणीही काही सांगणार नाही. मी नाही, डॉक्टर नाहीत. ते तुमचं आहे. पण १९ तारखेला डॉक्टर तुम्हाला पुन्हा विचारणार, कारण त्यांना ते तुमच्या तोंडून हवंय. त्याला बाहेर बसवायचा तुम्हाला हक्क आहे. फोनवर दुभाषी मिळतो, हिंदी बोलणारा. नुसतं "अलोन" म्हणा, त्यांना समजेल.

डॉक्टर मला काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, आपल्या फॉर्मवर स्मोक आहे, च्यू आहे, शीशा आहे, व्हेप आहे. हे कशात लिहायचं?

कॉन्सेप्टा


अल रीम आयलंड
७ मार्च २०२४

सांगितलंत ना शेवटी.

मी तुमच्या पाया पडले होते. पत्रात पाया पडलेलं दिसत नाही वाटतं. आपलं माणूस म्हणून तुमच्याकडे आले होते, आता आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ होती माझी, एवढी वर्षं होती. आता मी त्या डॉक्टरीणबाईंसमोर कशी बसू?

गोळी थांबवली. सुदेशला फोन आला. तो खूश आहे.

अक्रमला सांगितलंय, यापुढे पिशवी दारात ठेवून जा.

आशा


अबू धाबी
१३ मार्च २०२४

आशाकाकी,

अक्रम म्हणाला, काकींनी दार उघडलं नाही. म्हणून हे पिशवीच्या तळाशी घालते. वाचा, नाहीतर टाका.

परवा मी वसईला निघते, ईस्टर करून येईन. तुमच्या १९ तारखेला मी नसेन. मुद्दाम नाही घेतलेली रजा, आधीची आहे. बिलकीस असेल. तिला एवढंच ठाऊक आहे की तुम्ही पडला होतात.

तुम्ही मला विचारलं होतं, मी काय घेते. मी उडवून लावलं. झोप येत नाही म्हणून मी रोज रात्री सर्दीची गोळी घेते. सर्दी नसते. ती घेतली की गुंगी येते. सकाळी डोकं जड असतं आणि त्या जड डोक्याने मी लोकांना विचारत फिरते, काय घेता म्हणून. दरवर्षी स्टाफच्या तपासणीत माझ्यापुढेही तोच प्रश्न येतो. मी "नाही" लिहिते. मनाशी म्हणते, झोपेची गोळी कुठे, सर्दीची आहे.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगून पाहिलं, कसं वाटतं ते. जीव अर्धा होतो, काकी. म्हणून तुमच्यावर जबरदस्ती करत नाही. पण खोट्या रीडिंगवर कुणीही तुम्हाला खरी गोळी देऊ शकणार नाही. उद्या पुन्हा पडाल आणि त्या दिवशी अस्मीचा हात तुमच्या हातात असेल.

कॉन्सेप्टा


अल रीम आयलंड
२६ मार्च २०२४

कॉन्सेप्टाताई,

हे पत्र अक्रमजवळ देतेय, तुम्ही वसईहून आलात की देईल. मी वाचलं होतं ते पिशवीच्या तळाचं. टाकलं नाही. तुमच्या सर्दीच्या गोळीवर मी दोन दिवस चिडून होते, मग हसू आलं. आपण दोघी एकाच माळेचे मणी. तुमच्या त्या तपासणीचं पुढे काय ठरवलंत ते आल्यावर सांगायचं. मी सोडणार नाहीये.

आता १९ तारखेचं.

रमजानमुळे वेळा बदललेल्या. सगळं हॉस्पिटल पेंगुळलेलं, डॉक्टर अरफांचे ओठ सुकलेले. मला त्यांची दयाच आली. आदल्या दिवशी मी अस्मीला विचारून ठेवलं होतं, "लावणे" याला इंग्रजीत काय गो? ती गेम खेळत होती. म्हणाली, "पुट, आजी. ऑर अप्लाय. लाइक क्रीम." अप्लाय माझ्या जिभेवर बसेना. पुट बसलं.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, शुगर बघितली, मग पेन खाली ठेवलं. या वेळी त्या सुदेशकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, टोबॅको, एनी काइंड? मी तोंड उघडणार तोच सुदेश म्हणाला, "नो डॉक्टर, नेव्हर. माय फादर डाइड ऑफ इट." अशा काही अभिमानाने म्हणाला, ताई. "माय मदर गेव्ह हिम हर वर्ड."

तुमचं ते "अलोन" माझ्या ओठांवर आलं होतं. पण वाटलं, पोराला बाहेर बसवलं तर तो काचेतून बघत बसणार, आई आत काय सांगतेय म्हणून. म्हणजे आणखी एक झाकली मूठ. मला कंटाळा आला हो. एवढी वर्षं पंखे लावून लावून मला कंटाळा आला.

मी म्हटलं, "येस डॉक्टर. आय पुट."

सुदेश म्हणाला, "आई, काय?"

डॉक्टर म्हणाल्या, "पुट? पुट व्हेअर?" त्यांना ठाऊक होतं, पण माझ्याकडूनच काढून घेतलं त्यांनी. मी बोट दातांवर ठेवलं आणि घासून दाखवलं. असं, असं. मशेरी. मग सुदेशकडे वळून मराठीत म्हटलं, "खात नाही रे बाबा. लावते. तू शाळेत जायचास तेव्हापासून लावते. कावळा शिवला त्या संध्याकाळीही लावली. हे सगळं यांना इंग्रजीत सांग. मला एवढंच येतं."

मला वाटलं, आता तो उठून जाणार. मग त्याने सांगितलं. एकेक शब्द सांगितला, कावळ्यासकट. त्या कावळ्याचं इंग्रजी सांगताना त्याचा आवाज फुटला, आणि डॉक्टरांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला तो माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

त्यांनी बॅटरी घेऊन माझं तोंड तपासलं. गाल ओढून, जीभ उचलून. पांढरा डाग नाही म्हणाल्या, हिरड्या खराब आहेत, दाताच्या डॉक्टरला दाखवायचं. गोळ्या दोनच ठेवल्या. मशेरीबद्दल रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एकदम तोडू नका, वेळा कमी करत आणू, सोडायला मदत करणाऱ्या गोळ्याही असतात, आणि दर खेपेला येताना आज लावली की नाही ते खरं सांगा. म्हणजे मला बीपी वाचता येईल. सुदेशने हे मला मराठीत सांगितलं तेव्हा "लावली" हा शब्द पहिल्यांदा त्याच्या तोंडात आला. अडखळला तो त्यावर.

पार्किंगमध्ये गाडीत बसलो तरी तो गाडी सुरू करेना. नंतर समोर बघतच म्हणाला, "बाबा मुंबईच्या डॉक्टरला काय सांगायचे, ठाऊक आहे तुला? मी शेजारी उभा असायचो. म्हणायचे, मी खात नाही साहेब, नुसती गालात धरतो."

मला हे ठाऊक नव्हतं, ताई. इतकी वर्षं त्या माणसाला मी पत्रं लिहिली, त्याने मला लिहिली. आणि दोघांनी आपापल्या जागी तेच खोटं एकाच शब्दाच्या आड लपवलं. तिथे गाडीत बसून मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी मोठ्याने रडले. दहाव्यालाही रडले नव्हते, लोक होते म्हणून.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस सुदेश माझ्याशी धड बोलला नाही. रुपाली मध्ये पडून दमली. गावी शिमगा चालू, पालखी घरोघर फिरतेय, आणि आम्ही इथे सत्ताविसाव्या मजल्यावर तोंडं फिरवून बसलेलो. मला वाटलं, गेलं. जे जपलं होतं ते गेलं.

काल धुळवड. आज सकाळी मी गॅलरीत बसले होते. डबी टाकली तरी नणंदेच्या पुडक्यातली थोडी उरली होती, पडल्यानंतर तीच परत सुरू केली होती मी; आता दुपारची आणि रात्रीची सोडलीय, सकाळची राहिलीय. सुदेश ऑफिसच्या कपड्यांत चहाचे दोन कप घेऊन आला. एक माझ्यापुढे ठेवला. खुर्ची ओढून बसला. फोन खिशातच होता. चहा निवायला लागला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "आई, आज लावलीस का?"

"खाल्लीस का" असं नाही, ताई. "लावलीस का."

मी म्हटलं, "हो रे. थोडीशी."

"बरं," म्हणाला, आणि चहा पीत बसला.

तुमची
आशा